आतार गुरुजींच्या चार ओळी

पिरंगुटच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून दत्ता मरगळे थेट पौडला आला आणि आतार गुरुजींच्या ओट्यावर टेकला. कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगात होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं एक सरकारी कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला.

"गुरुजी, ह्यो वाचून सांगा. मला वाचाया येतं, पर ही भाषा काय कळंना. नाकारलंय येवढं कळलं. कशापायी नाकारलंय ते सांगा."

बाबालाल आतार पौडमधले जुने शिक्षक. वय एकाहत्तर. निवृत्त होऊन बारा-तेरा वर्षं झाली, तरी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं कागद घेऊन त्यांच्याकडं येत. सातबारा असो, बँकेची नोटीस असो, मुलीच्या शाळेचा अर्ज असो, गुरुजी चष्मा पुसून, एकेक ओळ वाचून समजावून सांगत. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि ही गोष्ट आपल्याबद्दल सांगितली जाते हे त्यांना आवडतही असे.

कागद वनहक्काचा होता. बोरजाईच्या धनगरवाड्यानं डोंगरावरच्या पाच माळांवर चराईचा सामूहिक हक्क मागितला होता. नेमकं कुठलं जंगल, किती पिढ्यांची वहिवाट, हे सगळं दाखवायचं होतं. समितीनं दावा फेटाळला होता. गुरुजी मनातल्या मनात वाचत गेले आणि तिसऱ्या परिच्छेदाशी थांबले.

'सदर समाज पूर्वापार भटका असून चराईबाबत त्यांची कोणतीही नियमबद्ध वहिवाट नव्हती, ही बाब "डोंगर आपला, तालुका आपला" या स्थानिक इतिहासाच्या शालेय पुस्तिकेतील पान ११ वरूनही दिसून येते.'

गुरुजींनी कागद खाली ठेवला, परत उचलला.

"काय म्हंत्यात?" दत्तानं विचारलं.

"म्हणतात... पुरावा कमी पडला."

"कसला पुरावा?"

"जुना. जुना पुरावा. बघतो मी. कागद राहू दे माझ्याकडं."

दत्ता उठला. चहा नको म्हणाला. "तुमीच काय करताल तर हुईल, गुरुजी," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली. गुरुजी ओट्यावरच बसून राहिले. ती पुस्तिका त्यांनीच लिहिली होती. मुखपृष्ठावर बारीक अक्षरात 'बा. ई. आतार' असं छापलेलं होतं, आणि समोरच्या खोलीत सत्काराच्या शालीच्या शेजारी, काचेच्या कपाटात तिची एक प्रत तीस वर्षं उभी होती.

पुस्तिकेची गोष्ट अशी. गुरुजी तेव्हा चाळिशीत होते, अंगात दम होता. चौथीच्या मुलांना आपल्या तालुक्याचा इतिहास कळावा म्हणून शिक्षकांनी मिळून एक छोटं पुस्तक काढायचं ठरलं आणि लिहिण्याचं काम बाबालालकडं आलं. त्यांनी ते मनापासून केलं. रविवारी रविवारी एसटीनं जायचं, उतरून चालायचं, म्हाताऱ्यांना बोलतं करायचं. बोरजाईच्या वाड्यावर ते दोन दिवस राहिले होते. तिथला म्हसू मरगळे, म्हणजे या दत्ताचा आजा, तेव्हा पासष्टीचा असेल. त्यानं गुरुजींना म्हशींमागं हिंडवलं आणि जे सांगितलं ते गुरुजींनी वहीत उतरवून घेतलं.

पण छापायची वेळ आली तेव्हा हस्तलिखित तपासणाऱ्या वरिष्ठांनी धनगरांच्या पानावर लाल रेघ मारली. "आतार, हे कुणी सांगितलं? म्हाताऱ्यानं? त्याला आधार काय? छापील काही असेल तर घाला." बाबालालनी मग पुण्याला जाऊन कुणा इंग्रज साहेबाच्या जुन्या अहवालाचं मराठी भाषांतर मिळवलं आणि त्यातला मजकूर सोपा करून घातला:

'इंग्रज येण्यापूर्वी आपल्या डोंगरांतले धनगर रानटी अवस्थेत होते. आज इथे तर उद्या तिथे असे ते गुरांमागे भटकत. त्यांना हद्द ठाऊक नव्हती, नियम ठाऊक नव्हता. इंग्रजांनी जंगलखाते आणले तेव्हा प्रथमच या डोंगरांना शिस्त लागली.'

चारच ओळी. पुस्तिका गाजली. तालुक्याच्या कार्यक्रमात शाल मिळाली, दहा-बारा वर्षं ती शाळाशाळांतून वाचली गेली. त्या चार ओळी लिहिताना आपल्याला काय वाटलं होतं, हे गुरुजी त्या दुपारी आठवू लागले. वाईट वाटलं होतं का? थोडं. पण छापील पुस्तकात आहे म्हणजे बरोबरच असणार, असंही वाटलं होतं. आणि खरं सांगायचं तर, त्या पानावरून वाद घातला असता तर पुस्तिका दुसऱ्या कुणाकडं गेली असती, ही भीती सगळ्यात मोठी होती.

रहिमतबी, त्यांची बायको, मागच्या दारानं आली. नवऱ्याचा चेहरा बघून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"कुणाचं काय झालं?"

गुरुजींनी सांगितलं. सगळं सांगितलं, कागदासकट.

"मग तुम्ही दत्ताला म्हणालात का, की हे मी लिहिलंय म्हणून?"

"नाही."

"का?"

गुरुजींनी कागदाची घडी घातली. रहिमतबीनं पदर खोचला, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली आणि एकेक वही बाहेर काढू लागली. ती फारशी शिकलेली नव्हती, पण नवऱ्याची अक्षरं ओळखायची. अर्ध्या तासानं तिनं करड्या पुठ्ठ्याची वही त्यांच्या मांडीवर ठेवली. "हीच का बघा. आणि वाचून झाल्यावर वर जाऊन या. इथं बसून काही होणार नाही."

गुरुजींनी वही उघडली. अक्षर त्यांचंच, पण जरा घाईचं.

म्हसूनं सांगितलं होतं की दरसाल एक माळ बंद ठेवायचा. पावसाळा सरताना गवताला बी धरतं, ते पिकून खाली पडेपर्यंत त्या माळावर जनावर घालायचं नाही. कुठला माळ बंद ठेवायचा ते बोरजाईच्या देवळापुढं बसून ठरवायचं आणि तिथं बोलायची एक रीत होती. ज्याच्याकडं जनावरं कमी त्यानं आधी बोलायचं, आणि ज्याचं खिल्लार मोठं त्यानं सगळ्यांच्या शेवटी. बंद माळाच्या हद्दीच्या दगडांवर कारवीच्या काड्यांची जुडी बांधायची. कुणाची म्हैस आत शिरली तर त्या घरचं त्या दिवसाचं दूध ज्याच्याकडं दुभतं नाही त्याच्या घरी जायचं. भात निघाल्यावर खालच्या गावांच्या खाचरांत खतासाठी जनावरं बसवायची, कुठल्या गावात किती दिवस तेही ठरलेलं. घाटानं लोणी कोकणात जायचं, तिकडून मीठ यायचं. 'हे कधीपासून?' असं गुरुजींनी विचारलं होतं आणि खाली उत्तर लिहिलं होतं: 'म्हणतात, गोरा साहेब मोजणीच्या साखळ्या घेऊन आला त्याच्याही आधी सात पिढ्या. साहेबानं आमची बैठक मानली नाही, दगड त्याच्या नकाशात आले नाहीत.'

म्हणजे ठाऊक होतं. न कळून चूक झाली असती तर माणूस स्वतःला समजावू शकतो. इथं तर वही हातात असताना आपण तीच गोष्ट नव्हती असं लिहिलं. गुरुजींना स्वतःचंच एक आठवलं. त्यांच्या सात पिढ्या पौडच्या मातीत गेल्या, आजोबा इथल्या जत्रेत अत्तराचं दुकान लावायचे, तरी नवीन माणूस भेटला की विचारतो, "आतार म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" त्या प्रश्नाला ते दरवेळी "इथलेच" असं तुटक उत्तर देत. आणि आपणच एका अख्ख्या वाड्याला सांगून बसलो होतो की तुम्ही कुठलेच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते निघाले. शेवटच्या थांब्यापासून वाड्यापर्यंत तासाभराची चढण होती. गुडघे बोलत होते. वाटेत एका बंगल्यांच्या वसाहतीची नवी भिंत लागली. पूर्वीची पायवाट तिच्या आत गेली होती, म्हणून वळसा घ्यावा लागला.

वाड्यावर आता सातच घरं उरली होती. दत्ताची आई बानूबाई अंगणात शेळीच्या पायाला हळद लावत होती. साठीच्या आसपासची, काटक बाई. तिनं मान वर करून पाहिलं, शेळी सोडली, हात धुतले आणि घोंगडी अंथरली.

"बसा, गुरुजी. लई वर्सांनी."

गुरुजी बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, त्या कागदात ज्या पुस्तकाचं नाव आहे ते मी लिहिलेलं आहे. दत्ता आला होता तेव्हा मी त्याला सांगितलं नाही."

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"पुस्तक तुमचं हाय ते. दत्तानं कागद वाचला तवाच नाव वळखलं मी. दत्ताला न्हाई ठावं. मीच धाडलं त्याला तुमच्याकडं. म्हनलं बगू, सांगत्यात का." ती शांतपणे बोलत होती. "तो परत आला आन् म्हनला, गुरुजी म्हनत्यात पुरावा कमी पडला. मंग मला कळलं."

गुरुजी घोंगडीवर बसले. बानूबाईनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"तुमी आलावता तवा भाकरी मीच थापली हुती," ती म्हणाली. "तुमी जेवून निगाला. मंग मामांजी वाट बगायचे. कुनी पौडास्नं आलं का इचारायचे, गुरुजींचं पुस्तक आलं का? चार वर्सांनी दत्ता चौथीत गेला तवा घरात आलं. चुलीम्होरं बसून त्यानं मोठ्यानं वाचलं. रानटी म्हनून वाचलं. पोराला काय, त्यो आपला वाचत गेला."

"म्हसूबाबा काय म्हणाले?"

"काय न्हाई. मला म्हनले, गुरुजींनी न्हाई लिवलं ह्ये. दुसऱ्या कुनी घातलं आसंल, त्यो मानूस तसा न्हवं." तिनं तांब्या त्यांच्याजवळ सरकवला. "पर त्येच्यानंतर बैठकीला बसायचं सोडलं त्यांनी. पोरांना काय सांगाय गेलं की पोरं म्हनायची, पुस्तकात तर तसं न्हाई. मंग सांगायचंबी सोडलं. दोन-तीन सालांत माळ बंद ठेवायचा ऱ्हाऊन गेला. जो त्यो कुटंबी जनावरं घालाया लागला. आता बगा जाऊन, गवत ऱ्हायलंय का."

गुरुजींना वाटलं होतं की ती रागावेल, ओरडेल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. मशिदीत मौलाना सांगतात ते त्यांना आठवलं. देवाच्या बाबतीत काही चुकलं तर देव माफ करील, पण माणसाच्या बाबतीत चुकलं तर त्या माणसानंच माफ करायला हवं. आणि ज्यानं करायचं तो म्हसू तर पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच गेला होता. तेही गुरुजींवर विश्वास ठेवून.

"आता काय करायचं ते सांगा," ते म्हणाले.

"मी काय सांगू? तुमी शिकलेलं. लिवलंय तसं पुसा."

त्या दिवसापासून गुरुजी वाड्यावर जाऊ लागले. समितीपुढं फेरसुनावणी मागण्याचा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. बानूबाई त्यांना माळ दाखवायची, हद्दीचे दगड दाखवायची. काही दगड गवतात लपलेले, काही गोठ्याच्या भिंतीत गेलेले. ती सांगायची, ते लिहायचे, मग ती म्हणायची, "वाचा." तिला लिहिता येत नव्हतं, पण कुठल्या वाक्यात काय वाकडं गेलंय ते ऐकून लगेच कळायचं.

एकदा गुरुजींनी मोठ्या उमाळ्यानं वाचून दाखवलं: 'इंग्रज येण्यापूर्वी या वाड्यावर कुणी उपाशी नव्हते, कुणावर अन्याय नव्हता. माणसे एकमेकांना धरून, निसर्गाच्या मांडीवर सुखाने राहत होती...'

बानूबाईनं त्यांना थांबवलं.

"ह्ये कुनी सांगितलं तुमास्नी?"

"सांगितलं नाही, पण—"

"मंग लिवू नगा. आदी रानटी केलंत, आता देव करताय व्हय?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला होता. "आमी मानसं हुतो, गुरुजी. माझी आजेसासू सांगायची, गोरा साहेब यायच्या आदीची गोष्ट. सारजा म्हनून रांडमुंड बाई हुती वाड्यावर. तिच्या म्हशी बंद माळात शिरल्या, येकदा न्हाई, तीनदा. दूध देऊन भागंना म्हनून बैठकीनं तिला वाड्याबाहीर काडली. भर पावसात ती खाली गेली आन् हिवतापानं मेली. पुडल्या साली बैठकीत वाड्यावरल्या येका म्हातारीनंच उटून इचारलं, येकल्या बाईनं म्हशी कशा वळवाव्यात? कुनाला जाब देता आला न्हाई. मंग नेम बदलला. येकल्या बाईची जनावरं वाड्यानं वळायची, आन् पावसाळ्यात कुनाला काडायचं न्हाई. नेम चुकायचे, तवा बदलायचे. ह्येबी लिवा. न्हाईतर काय लिवूच नगा."

गुरुजींनी ते पान फाडलं आणि सारजाची गोष्ट लिहून घेतली. परतीच्या वाटेवर ते स्वतःशी विचार करत राहिले. साहेबानं या लोकांना बघितलं तेव्हा त्याला रिकामा डोंगर दिसला. आपल्याला आता स्वर्ग दिसायला लागला होता. दोन्ही वेळा समोरच्या माणसाला विचारायचं राहून गेलं. ज्या लोकांनी चूक केली, भांडण केलं, मान खाली घातली आणि नियम बदलला, ते लोक दोन्ही लिखाणांत नव्हतेच.

दत्ताला सांगायचं अजून बाकी होतं. फेरसुनावणीच्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात तो इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. गुरुजींनी त्याला बाजूला घेतलं.

"दत्ता, पान अकरा मी लिहिलंय. बा. ई. आतार म्हणजे मी."

दत्तानं त्यांच्याकडं बघितलं. ओळखीचा माणूस गर्दीत हरवावा तसा त्याचा चेहरा झाला.

"म्या ते आज्याला वाचून दावलंवतं," तो म्हणाला. एवढंच. मग नाव पुकारलं गेलं आणि तो आत गेला.

समितीपुढं गुरुजींनी करडी वही ठेवली, शेजारी पुस्तिका ठेवली. अधिकारी बाईंनी दोन्ही चाळली. बाई तरुण होत्या, पण वाचणाऱ्या होत्या.

"वही आधीची की पुस्तिका?"

"वही आधीची. दीड वर्ष आधीची. तारखा आहेत."

"मग पुस्तिकेत उलटं का लिहिलंत?"

गुरुजींनी उत्तर तयार करून आणलं होतं. वरिष्ठांची लाल रेघ, छापील आधाराची अट, मुलांना सोपं हवं होतं, सगळं. पण दत्ता मागच्या बाकावर बसला होता. ते म्हणाले, "साहेबाचं लिहिलेलं मला खरं वाटलं, आणि यांचं सांगितलेलं खरं असूनही मला धीर झाला नाही. पुस्तक माझ्या हातून जाईल याची भीती वाटली. पुस्तिकेतलं ते पान खोटं आहे. तसं मी लिहून देतो."

बाईंनी ते लिहून घेतलं. जागेवर जाऊन पुन्हा पाहणी करायचं ठरलं.

पाहणी दिवाळीनंतर झाली. बाई स्वतः चढून आल्या, सोबत दोन कर्मचारी. बानूबाई पुढं, वाड्यावरची माणसं मागं. हिरड्याचा माळ झाला, मोठा सडा झाला, पाणमाळ झाला, कारवीचा माळ झाला. प्रत्येक ठिकाणी दगड, दगडाची खूण, कधी कुणाची पाळी, सगळं वहीशी जुळत होतं. बाई टिपणं घेत होत्या. दत्ता दगडांवरची माती झाडून देत होता. गुरुजींकडं तो बघत नव्हता.

सगळ्यात शेवटी नवरीचा माळ लागला. कड्याच्या अगदी टोकाला, छोटासा, तिन्ही बाजूंनी दगड नीट लावलेले.

"याचा नियम काय?" बाईंनी विचारलं.

बानूबाई थबकली. "ह्येचा नेम येगळा हुता. ह्येच्यात पाळी नव्हती. काय हुतं ते मामांजींना ठावं. आमा बायकांना हितं यायला मनाई... न्हाई, मनाई न्हवती, कुटल्या तरी म्हयन्यात बायकांनीच यायचं, आसं काय तरी. मला न्हाई सांगता यायचं." तिनं बाकीच्या म्हाताऱ्यांकडं बघितलं. कुणालाच आठवेना. मग सगळे गुरुजींकडं वळले.

गुरुजींनी वही उघडलीच नाही. त्यात काय आहे ते त्यांना पाठ होतं. आणि उभ्या उभ्या त्यांना ती दुपार लख्ख आठवली. दुसरा दिवस, परतायची घाई, पाय दुखत होते, खाली शेवटची एसटी चुकायची भीती. म्हसू याच कड्यावर उकिडवा बसला होता, नवरीच्या माळाकडं बोट करून बोलत होता. बराच वेळ बोलत होता. बाबालालनी वही मिटून पिशवीत टाकली होती आणि नुसतं "हो, हो" म्हणत ते घड्याळ बघत होते. म्हसूचे हलणारे ओठ त्यांना आता दिसत होते, पांढऱ्या मिशा दिसत होत्या. शब्द एकही आठवत नव्हता.

"मला सांगितलं होतं," ते म्हणाले. "मी लिहून घेतलं नाही."

त्या हिवाळ्यात निकाल आला. चार माळांवर वाड्याचा हक्क मान्य झाला. नवरीच्या माळाला वहिवाटीचा आधार मिळत नाही म्हणून तो दाव्यातून वगळला गेला. वाड्यावर गूळ वाटला. दत्तानं पौडला येऊन निकालाची एक प्रत गुरुजींच्या घरी दिली, रहिमतबीच्या हातात, आणि ओट्यावरूनच परत गेला. आता तो त्यांना गुरुजी म्हणत नाही. भेट झालीच तर "आतार सर" म्हणतो, अदबीनं.

वाड्याच्या नोंदींची नवी वही गुरुजींनी पुरी केली. तिच्या तीन प्रती काढल्या. शेवटच्या पानावर त्यांनी नवरीच्या माळाची नोंद घातली. जागा, दगडांची संख्या, दिशा. खाली लिहिलं: 'या माळाचा नियम म्हसू मरगळे यांनी बा. ई. आतार यास सांगितला होता. आतार याने तो ऐकला नाही.'

बानूबाईला त्यांनी नेहमीसारखं वाचून दाखवलं. तिनं डोळे मिटून ऐकलं.

"हे ठेवू का काढू?" गुरुजींनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि शेळ्या सोडायला उठली.